चार दाणे परत

"ह्यांना पदर पसरायला शिकवावं लागत नाही हो."

माझ्या मागे, देवळाच्या खांबाला टेकून, मंडळातल्या दोघीजणी उभ्या होत्या. त्यांतली एक हे म्हणाली. हळू आवाजात, अगदी सहज. दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

"शू. ती आहे ना इथे."

"ती? ती आता आपल्यातलीच की."

मी वळून पाहिलं नाही. माझ्या हातात स्टीलचं ताट होतं. ताटात हळद, कुंकू आणि आईने नुकतेच टाकलेले तांदळाचे दाणे. समोर पाटावर माझी आई बसली होती. तिच्या पदरात मी ठेवलेली साडी, खण, नारळ, डाळ-तांदळाची प्लॅस्टिकची पाकिटं. आणि तिच्या तोंडासमोर रोहितदादाचा मोबाईल.

"परत घेऊ," रोहितदादा म्हणाला. "त्या दाणे टाकतायत ते चुकीचं दिसतंय. त्यांना सांग, नुसतं घ्यायचं. आणि पदर जरा पुढे. दिसला पाहिजे."

मी सांगितलं. माझ्या आईला मी सांगितलं.

"पुन्हा करायचंय. पदर पुढे पसरा."

पसरा. आईला मी जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून वाडीतल्या बायकांना "बसा, धरा, वर बघा" सांगत होते, त्याच ओघात तिलाही सांगून गेले.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग पदरातली एकेक वस्तू काढून तिने खाली ठेवली, पदर झटकला आणि पुन्हा पसरला.

हे सगळं कसं घडलं ते मला सांगायलाच हवं. कारण त्या पाटावर तिला बसवणारी मीच. ती कल्पनाच माझी होती.

माझं घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. खाली धरणाचं पाणी आणि वर आमची वाडी. भाताची चार खाचरं, उतारावर नाचणी. वडील पुण्यात हमालीला, सणाला येणार. घरात आई, आणि एका भिंतीपलीकडे नानी. नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा कुणीतरी सांगितलं की भोरला एक बाई आहेत, हुशार मुलींना घरी ठेवून शिकवतात. नानीने मला खांद्यावर बसवून डोंगर उतरून एसटीच्या थांब्यावर आणलं. आई मागून माझी पिशवी घेऊन चालत होती. नानी वाटभर बोलत होती. "शिकून साहेब व्हशील बाय, मग आमाला वळखशील का?"

त्या बाई म्हणजे काकू. नात्यातल्या नव्हेत. घर वकिलांचं, भोरच्या जुन्या वस्तीतलं, अंगणात सोनचाफा. काकूंनी मला इंग्रजी शाळेत घातलं. फी भरली, बूट घेतले, आजारी पडले तेव्हा उशाशी बसल्या. मला त्या घरात कधी कुणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे. आणि ते खरं होतं म्हणूनच बाकीचं कळायला मला इतकी वर्षं लागली.

पाहुणे आले की काकू सांगायच्या, "ही आमच्याकडे असते." आमची आहे असं नाही. आमच्याकडे असते. गॅलरीत कुंडी असते, तशी.

पहिल्याच आठवड्यात जेवताना मला भात हवाय का विचारलं. मी "न्हाई" म्हणाले. सगळे हसले. प्रेमानेच हसले. काकूंनी माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "ना-ही. म्हण बघू." मी म्हणाले. मग "हितं" गेलं, "व्हय" गेलं, "आमी" गेलं. त्यांच्या जागी आलेले शब्द स्वच्छ होते, पण प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर काढण्याआधी मी आत तपासून घ्यायला लागले. तपासता तपासता बोलायची वेळ निघून जायची. शाळेत बाई प्रगतिपुस्तकात लिहायच्या, मुलगी शांत आहे. मी शांत नव्हते. मी तपासत होते.

काकूंचं गरजूंना मदत करणारं मंडळ होतं. दर वर्षी त्याच्या कार्यक्रमात मला स्टेजवर उभं करायचे. इंग्रजीतून भाषण. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, की मी आज जी काही आहे ती ह्या सगळ्यांमुळे. मग टाळ्या, मग हातात दप्तर घेऊन फोटो. एका वर्षी फोटो हलला. म्हणून माझ्याकडून दप्तर परत घेतलं आणि पुन्हा दिलं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. दप्तर निळं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. परत घेतलं तेव्हा फक्त एवढीच भीती वाटली की आता देणार नाहीत की काय. दिलं तेव्हा मी इतकी हसले की तो फोटो मंडळाच्या पुस्तिकेत छापून आला.

वाडीवर जाणं हळूहळू कमी झालं. सुट्टीत शिबिरं असायची, क्लास असायचे. गेले तरी दोन दिवस. आई माझ्याशी जपून बोलायची, पाहुणीशी बोलावं तसं. मला ते सोपं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण सोपं वाटायचं.

वादळ आलं तेव्हा पाऊस अजून लागायचा होता. भोरला झाडं पडली, वीज गेली, काकूंचा सोनचाफा मधोमध मोडला. आमच्या वाडीवर वारं घाट चढून सरळ आलं. आईचा फोन लागेना. दोन-तीन दिवसांनी लागला. रेंज मिळावी म्हणून ती देवळामागच्या कातळावर चढली होती.

"पत्रं गेलं," ती म्हणाली. "आपलं बी न् नानीचं बी. नानीच्या घरावर जांभळ पडली. बाकी समदं हाय."

"बाकी म्हणजे काय?"

"आमी हाय की."

मग सांगितलं, कणगीत पाणी गेलं, भात भिजला. वाळत घालावा तर ऊन नाही. पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आला आणि डोक्यावर काही नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. बातमी सांगावी तसं सांगत होती. शेवटी म्हणाली, "तू नगं येऊ. तुजी परीक्षा हाय."

मी गेले नाही. परीक्षा होती हे खरं. परीक्षा नसती तर गेले असते का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मंडळाची बैठक काकूंच्या दिवाणखान्यात भरली. पुण्याच्या काही देणगीदारांनी साड्या, धान्य आणि ताडपत्र्या द्यायचं कबूल केलं होतं. त्यांची एकच अपेक्षा होती, की प्रत्येक घराला देतानाचा व्हिडिओ पाठवा. रोहितदादा, म्हणजे काकूंचा पुतण्या, ते काम करणार होता. वाडी माझीच निवडली होती. काकू म्हणाल्या, "आपल्या हिच्या लोकांना आधी."

मी चहा देत होते.

"पण एक आहे हं," काकू म्हणाल्या. "ते रांगेत उभे आणि आपण टेम्पोतून खाली देतोय, असं नको. भिकेसारखं दिसतं. मानाने दिल्यासारखं काहीतरी हवं."

आणि मी, चहाचा ट्रे हातात धरून, म्हणाले, "ओटी भरली तर?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं. ओटी भरताना बाईला पाटावर बसवतात. तिला हळदकुंकू लावतात. घेणारी बसलेली असते आणि देणारी वाकते. रांग नाही, पुढे केलेला हात नाही.

माझ्या मनात आई होती. माझ्या आईला कुणीतरी वाकून द्यावं, एवढंच मला हवं होतं.

"अगं, किती सुंदर!" काकू उठल्या आणि त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. "शेवटी रक्तात असतं बघा." रोहितदादाने तिथल्या तिथे नाव ठरवलं, मायेची ओटी. वकीलकाका सहसा माझ्याकडे बघत नाहीत, पण तेही मान डोलावून म्हणाले, "वा."

पुढचे काही दिवस मी त्या 'वा'वर चालत होते.

नानी मला आठवली नाही. नानीला नवरा नाही. मी चौथीत असताना चुलता गेला. आणि ओटी सवाष्णीची भरतात. हे मला कळत्या वयापासून माहीत होतं. पाणी उताराकडे जातं हे कुणी शिकवावं लागत नाही, तसं. तरी त्या दिवाणखान्यात, ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी डोंगर उतरले ते माणूस मला आठवलं नाही. माझं कौतुक चाललं होतं ना.

आम्ही सकाळीच निघालो. पुढे टेम्पो, मागे गाड्या. कापूरहोळला थांबून मिसळ झाली. गाडीत गाणी चालू होती. नसरापूर मागे पडलं आणि रस्त्याकडेला आडवी झालेली झाडं, वाकलेले विजेचे खांब दिसायला लागले. मग डोंगरावर उघडी घरं दिसली. भिंती उभ्या आणि वर काहीच नाही. गाणी कुणीतरी बंद केली. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खोटं नव्हतं. ती खांबापाशी पुढे जे बोलली तेही मग तितकंच खरं धरायला हवं, कारण तो आवाज तिचाच होता.

देवळाचा सभामंडप तेवढा शाबूत होता. तिथे फलक लावला, रांगोळी काढली, पाट मांडला. वाडीतल्या बायका अंघोळी करून, धुतलेली पातळं नेसून आल्या. पत्र्याशिवायच्या घरातून त्यांनी ती कोरडी पातळं कुठून काढली असतील कुणास ठाऊक. आई दुसऱ्या ओळीत बसली होती. तिने मला लांबूनच विचारलं, "खाल्लंस का?" मी मान हलवली. तिच्याजवळ गेले नाही. माझ्या गळ्यात मंडळाचं ओळखपत्र होतं.

रोहितदादाने तयारी चोख केली होती. प्रत्येक ओटीचं गाठोडं वेगळं आणि प्रत्येक गाठोड्याला एकेक ताडपत्री दोरीने बांधलेली. ओटी भरून बाई पाटावरून उठली की ताडपत्री तिच्या हातात.

सगळं मांडून झाल्यावर मंडळातल्या एकीने काकूंना विचारलं, "अहो, ह्यांच्यात कुणी विधवा असतील त्यांचं काय?"

काकू थबकल्या. "खरंच की गं. त्यांना आपण नंतर वेगळं देऊ. धान्य, बिस्किटं. पाटावर बसवून उगाच त्यांना अवघडायला नको."

"आणि ताडपत्री?" मी विचारलं. इतक्या हळू की मला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"उरली तर देऊच," रोहितदादा म्हणाला. "पण सगळ्या बांधलेल्या आहेत. आता सोडत बसलो तर ऊन जाईल. व्हिडिओला उजेड लागतो."

काकूंनी माईक माझ्या हातात दिला. "तू सांग. तुझं ऐकतील."

मी सांगितलं. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. म्हणून म्हणाले, "ज्या मावश्यांची ओटी भरत नाहीत, त्यांनी जरा भिंतीकडे बसून घ्या."

सहा-सात बायका उठल्या. एकीनेही का म्हणून विचारलं नाही. लग्नात, बारशात त्या अशाच उठत आल्या होत्या. नानीही उठली. तिच्या कपाळावर जांभळ पडली तेव्हाची जखम होती, तिच्यावर हळद दाबलेली. जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बसते की बाय. तुजं चालू दे."

वादळाने छप्पर नेताना कुणाला नवरा आहे का विचारलं नव्हतं. ते मी विचारलं. माईकवरून.

ओट्या सुरू झाल्या. काकू भरत होत्या, मी ताट धरून होते. पहिली बाई पाटावर बसली आणि म्हणाली, "आता ह्या वयात डोहाळजेवण व्हय माजं?" मंडप हसला. काकूही हसल्या. क्षणभर मला वाटलं, सगळं नीट होणार.

मग तिने पदर पसरला. काकूंनी साडी, खण, नारळ, पाकिटं ठेवली. आणि बाईचा उजवा हात पदराकडे गेला आणि तसाच थांबला.

तो हात कशासाठी गेला ते मला माहीत होतं. आमच्यात ओटी घेतली की घेणारीने ओटीतले चार दाणे देणारीच्या ताटात परत टाकायचे. आई म्हणायची, दाणे परत टाकले की ती ओटी. नाही टाकले की ती झोळी. इथे तांदूळ बंद पाकिटात होते. टाकायला दाणाच नव्हता.

प्रत्येकीचा हात तसाच जायचा आणि थांबायचा. रोहितदादा म्हणायचा, "झालं, पुढच्या." एकजण पाकिटाचा कोपरा नखाने उकरायला लागली. काकू तिला म्हणाल्या, "अगं, धीर धर की. तुलाच आहे ते. घरी जाऊन उघड." मंडळातल्या बायका हसल्या. ती बाई काकूंच्या वयाची होती. तिने पाकीट पदराखाली झाकलं आणि मान खाली घालून ताडपत्री घेतली.

तिला भूक अनावर झाली असं त्यांना वाटलं. मी एक वाक्य बोलले असते तर त्यांना कळलं असतं. ते वाक्य मी तोंडात तपासत राहिले. मराठीत सांगावं की इंग्रजीत, आधी "सॉरी काकू" म्हणावं की नंतर. तोवर पुढची बाई पाटावर बसली होती आणि मी म्हणत होते, "पदर धरा. वर बघा."

मध्येच आई उठून घराकडे गेलेली मला दिसली. थोड्या वेळाने परत आली. मला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल.

तिची पाळी आली तेव्हा काकूंनी माईक घेतला. "आता थांबा हं सगळ्यांनी. ही आपल्या मुलीची आई! आणि हिची ओटी मी भरणार नाही. ही भरणार." त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकून मला मोबाईलसमोर उभं केलं. "आपण लावलेलं रोपटं बघा. कालपर्यंत घेत होती, आज देतेय."

टाळ्या वाजल्या. पहिल्या टाळ्या मंडळाच्या, मग वाडीच्याही.

"काकू, तुम्हीच भरा ना," मी पुटपुटले.

"अगं लाजतेस काय! पुण्याला हेच तर दाखवायचंय."

माझी आई पाटावर बसली. मी वाकले. मला हवं होतं तसंच होत होतं सगळं. आई बसलेली आणि देणारी वाकलेली. फक्त देणारी मी होते, आणि देत होते ते माझं नव्हतं. मी तिला कुंकू लावलं. तिने पदर पसरला. मी साडी ठेवली, खण ठेवला, नारळ ठेवला, पाकिटं ठेवली.

आणि आईने पदराच्या टोकाची गाठ सोडली. गाठीत तांदूळ होते. घरचे. भिजून वाळवलेले, पिवळट, कुबट वास येणारे. ते आणायला ती मघाशी घरी गेली होती. बाकीच्यांचे थांबलेले हात तिने पाहिले होते. तिने चिमूटभर दाणे घेतले आणि माझ्या ताटात टाकले.

"अगं, आम्हाला नको गं," काकू हसून म्हणाल्या. "तुलाच राहू दे."

"ऱ्हाऊ दिऊन कसं चालंल, वैनी?" आई म्हणाली. "रिती वटी घेत न्हाईत आमी."

तेव्हा रोहितदादा "परत घेऊ" म्हणाला. "ह्या परत देतायत असं दिसतंय. बघणाऱ्याला वाटेल, नको म्हणतायत." तेव्हाच खांबापाशी ते बोलणं झालं. आणि तेव्हाच मी माझ्या आईला "पसरा" म्हणाले.

दुसऱ्यांदा तिने पदर पसरला. मी पुन्हा सगळं ठेवलं. तिचा उजवा हात आपसूक गाठीकडे निघाला. तिने तो डाव्या हाताने धरला. धरून ठेवला. मी ते इतक्या जवळून पाहिलं की तिच्या मनगटावरची शीर दिसली.

"मस्त!" रोहितदादा म्हणाला. मग पडद्यावर बघून, "अरेरे, मान खाली गेली. एकदाच अजून. आता हसून. आणि शेवटी हात जोडून म्हणू दे, 'आमचं छप्पर तुम्ही दिलंत.' एवढं झालं की ताडपत्री द्या त्यांना."

"सांग तिला," काकू मला म्हणाल्या. प्रेमाने म्हणाल्या. मला दप्तर पुन्हा द्यायच्या आधी म्हणाल्या होत्या तशाच.

मला ते निळं दप्तर आठवलं. आणि माझं हसू. परत मिळालं म्हणून किती हसले होते मी.

आईने मोबाईलकडे पाहिलं नाही. काकूंकडेही नाही. तिने पदरातल्या वस्तू पुन्हा एकदा खाली काढून ठेवल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"पसरू का गं परत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. ती खरंच विचारत होती. मी सांगितलं तर ती पसरणार होती. पन्नास वेळा पसरणार होती. माझ्या शिक्षणासाठी, माझ्या भोरच्या खोलीसाठी, मला काकूंपुढे खाली पाहायला लागू नये म्हणून. तिने आजवर ह्याहून वेगळं काय केलं होतं? फक्त आज तिने ते मला विचारलं होतं.

भिंतीकडे नानी बसली होती. तिच्या मागे, देवळाच्या दारातून, तिच्या घराच्या भिंती दिसत होत्या आणि त्यांत आडवी पडलेली जांभळ. आभाळ पश्चिमेकडून भरून येत होतं.

मी बोलले तर काय जाईल ते मला स्वच्छ दिसत होतं. खोली जाईल. कॉलेजचं शेवटचं वर्ष जाईल. ते माझं होतं, जाऊ दे. पण टेम्पोत अजून ताडपत्र्या होत्या, आणि त्या वाडीच्या होत्या. मी बोलले म्हणून त्या माघारी गेल्या तर उद्याचा पाऊस माझ्या अंगावर पडणार नाही, ह्यांच्या अंगावर पडेल. मग मी बायकांकडे पाहिलं. मघाची ती, पाकीट पदराखाली झाकणारी, उभी राहिली होती. तिने आपली ताडपत्री काखेतून काढली आणि नानीच्या मांडीवर ठेवली.

मी ताट खाली ठेवलं. माईक काकूंच्या हातात होता. मला त्याची गरज लागली नाही.

"न्हाई," मी म्हणाले. शब्द तपासला नाही. "न्हाई पसरायचा, आये. ऊठ तू."

काकू म्हणाल्या, "अगं, काय बोलतेस हे?"

"आमी बोलतोय, काकू. वटी भरायचं म्याच सांगितलं व्हतं, ते चुकलं. आता म्याच सांगते. ज्याचं पत्रं उडालं त्याची ताडपत्री. सवाष्ण असू दे न्हाईतर नसू दे. पैली नानीची, तिकडं भिंतीला बसल्यात त्या समद्यांची, मग बाकीच्यांची. मोबाईल बंद करून द्यायच्या असतील तर हितं उतरवा. न्हाईतर टेम्पो माघारी न्या, आमी पाल्याखाली ऱ्हाऊ. पण पदर न्हाई पसरणार आमी. आज न्हाई, न् पुढं बी न्हाई."